माझ्या डाव्या हाताचा लाल दिवा

होडीला दिवे लागतात हे मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणत असेल तर ते साफ खोटं आहे. मला सगळं माहीत होतं. कुठल्या होडीला कुठला दिवा, तो कुठे लावायचा, कुठून दिसला पाहिजे आणि कुठून दिसता कामा नये, हे मी पाठ केलं होतं. त्या नदीवर दिव्यांबद्दल माझ्याइतका अभ्यास केलेला दुसरा माणूस नव्हता. जे झालं ते अभ्यास असूनही झालं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सुरुवात पुलापासून झाली. दुरुस्तीसाठी पूल बंद केला आणि आमच्या घराची आणि माझ्या बायकोच्या हॉस्पिटलची फारकत झाली. आम्ही नदीच्या अलीकडे, हॉस्पिटल पलीकडे. ती नवजात बाळांच्या वॉर्डात नर्स. संध्याकाळची ड्यूटी संपेपर्यंत शेवटची फेरीबोट निघून गेलेली असायची. लांबच्या वळशाने जाणारी बस त्या वेळी मिळत नसे. त्यामुळे ती रात्र वॉर्डाबाहेरच्या बाकावर काढून सकाळी पहिल्या बोटीने घरी यायची. आली की चहाचा कप हातात धरूनच झोपायची. कप मी हळूच काढून घ्यायचो.

एके दिवशी ती म्हणाली, "अहो, मेट्रन विचारत होत्या. बाहेरच्या विभागात दिवसाची जागा रिकामी आहे. केसपेपर फाडायचे आणि पेशंटला नंबर द्यायचा. पुढच्या सोमवारी सांगते म्हटलंय."

"आणि बाळं?"

ती मानेला हात लावून बसली. ती त्या वॉर्डात कामाला लागली तेव्हापासून मी तिच्या तोंडून बाळांशिवाय दुसरा विषय फारसा ऐकलेला नाही. कुठलं बाळ दूध ओढतंय, कुठल्याचं वजन वाढत नाही, कुठलं काचेच्या पेटीतून बाहेर आलं. आमच्या घरी जेवताना दुसऱ्यांच्या बाळांची वजनं ग्रॅममध्ये सांगितली जातात आणि मी वजनमापे खात्यात निरीक्षक असल्यामुळे मला ती लक्षातही राहतात. अशी बाई केसपेपर फाडायला बसणार, ही कल्पना मला सहन होईना.

"सोमवारच्या आत मी काहीतरी करतो," मी म्हणालो.

हे वाक्य बोलताना माझ्या मनात काहीही नव्हतं. नवऱ्यांची अशी वाक्यं मनात काही नसतानाच निघतात. पण ते आमच्याकडे चहाला आलेल्या तिच्या भावाने ऐकलं.

माझा मेव्हणा हा अत्यंत कामसू माणूस आहे आणि तीच त्याच्याबद्दलची माझी तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हातगाडीवर एक होडी घेऊन आमच्या दारात उभा राहिला. त्याच्या कुणा दोस्ताची, तळ्यात फिरवायची, वल्ह्यांची छोटी होडी होती. मूळचा निळा रंग पोपडे धरून निघत होता. आत बसायला तीन फळ्या.

"भाऊजी, ताईला आणायला," तो म्हणाला. "पंधरा-वीस मिनिटांचं तर पाणी आहे."

मला पोहता येत नाही. हे मी त्याला सांगणार होतो, पण तोवर जिन्यात शेजारी जमले होते आणि शेजाऱ्यांसमोर सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. मी होडीला एक प्रदक्षिणा घातली, एका फळीवर बोटाने टकटक केलं आणि "हूं" म्हणालो. आमच्या खात्यात तराजू तपासताना हे असंच करायचं असतं. पुढचे चार दिवस मी पहाटे नदीच्या उथळ भागात वल्हवायला शिकलो. पहिल्या दिवशी होडी जागच्या जागी फिरत राहिली. दुसऱ्या दिवशी ती निघाली, पण मला हवं होतं तिकडे नाही. तिसऱ्या दिवशी मला कळलं की वल्हवणारा माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. चौथ्या दिवसापर्यंत तळहातांना फोड आले आणि मला नदीची भीती वाटायची ती थोडी कमी झाली.

आता फक्त परवाना राहिला होता. सूर्य मावळल्यावर पाण्यात होडी काढायची तर जलवाहतूक कार्यालयाचा परवाना लागतो. मी सरकारी माणूस. परवान्याशिवाय पाण्यात उतरायचं माझ्या मनातही आलं नाही. मेव्हण्याच्या मनात आलं होतं, पण त्याचं मन वेगळ्या खात्यातलं आहे.

कार्यालयातल्या साहेबांच्या टेबलावर एक पंखा होता, तो त्यांच्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने वळत होता. साहेब पंखा त्यांच्याकडे असतानाच बोलत.

"होडी कशावर चालते?"

"वल्ह्यांवर."

"मग सोपं आहे. वल्ह्यांच्या होडीला दिवे बसवायची गरज नाही. हातात एक चांगला टॉर्च ठेवायचा. समोरून काही आलं की वेळेत दाखवायचा. झालं."

माझा जीव भांड्यात पडला. पंखा माझ्याकडे वळला, परत त्यांच्याकडे गेला, आणि त्यांनी माझा अर्ज उचलला.

"पण इथे तुम्ही वेगळंच लिहिलंय."

तिथे मी, होडी कशावर चालते या रकान्यात, 'सध्या वल्ही, भविष्यात इंजिन' असं लिहिलं होतं. मेव्हणा वाटेत म्हणाला होता की पुढेमागे आपण एक छोटं इंजिन बसवू. अर्जात पूर्ण माहिती द्यावी असं वर छापलेलं होतं. मी पूर्ण माहिती दिली. आमच्या खात्यात अपुऱ्या माहितीवर मी कित्येक दुकानदारांचे अर्ज परत पाठवले आहेत.

"म्हणजे ही इंजिनाची होडी झाली," साहेब म्हणाले.

"इंजिन नाहीये हो."

"भविष्यात आहे."

"ते खोडतो मी."

"खोडलेला अर्ज चालत नाही. नवीन करा. पण मग तुमचा नंबर नव्याने लागणार. महिना धरा."

सोमवार चार दिवसांवर होता. मी विचारलं, इंजिनाच्या होडीला काय लागतं. साहेबांनी एक जुनं पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं: डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा आणि उंचावर चारी बाजूंनी दिसेल असा पांढरा. लाल फक्त समोरून आणि डावीकडून दिसावा, हिरवा समोरून आणि उजवीकडून. म्हणजे अंधारात दुसऱ्या नावाड्याला तुमची होडी दिसली नाही तरी ती कुठे चालली आहे ते रंगावरून कळतं. त्याला तुमचा लाल दिसला तर तो बाजूला होतो, हिरवा दिसला तर तुम्ही बाजूला व्हायचं. मला ही पद्धत फार आवडली. असा नियम जमिनीवर असता तर आमच्या जिन्यातली निम्मी भांडणं झाली नसती.

"शनिवारी होडी घेऊन या. तपासून शिक्का मारू," साहेब म्हणाले.

दिव्यांचं सामान मेव्हण्याने आणलं. दोन रंगीत दिवे, एक पांढरा, गाडीची एक जुनी बॅटरी आणि वायरचं भेंडोळं. बाकीचं शेजाऱ्यांनी पुरवलं, आणि त्यात सामान कमी, सल्ले जास्त होते. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, हिरवा दिवा लावू नका, चेहरे आजारी दिसतात. समोरचा फोटोग्राफर म्हणाला, पांढरा दिवा बायकोच्या मागे लावा, फार छान उजेड पडेल. आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त भूगोलाचे मास्तर राहतात. ते खुर्ची घेऊनच खाली आले आणि अंगणात होडीशेजारी बसले. त्यांनी माझ्याकडून नियम वदवून घेतले. "लाल कुठे?" ते विचारत. "डावीकडे," मी सांगे. "हात वर करा डावा." मी हात वर करी. रस्त्याने जाणारे लोक बघत. माझ्या कार्यालयातला शिपाईही एकदा त्याच रस्त्याने गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने मला विनाकारण दोनदा नमस्कार केला.

दिवे बसवताना मी होडीत माझ्या जागेवर, म्हणजे वल्हवायच्या फळीवर बसलो. दिवे मला हाताशी हवे होते, म्हणजे एखादा विझला तर लगेच कळेल. मेव्हणा समोर, माझ्याकडे तोंड करून, हातात लाल दिवा धरून उभा होता.

"भाऊजी, डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे की तुमच्या?"

खरं सांगतो, या प्रश्नाने मला राग आला. सगळा अभ्यास मी केलेला, अर्ज माझ्या नावाचा, फोड माझ्या हातांना, आणि हा बाहेर उभा राहून आपली डावी बाजू मध्ये आणतो.

"होडी कोण चालवणार आहे?" मी विचारलं.

"तुम्ही."

"मग डावं माझं."

मास्तर खुर्चीवरून म्हणाले, "बरोबर. चालवणाऱ्याचं डावं." आणि लाल दिवा माझ्या डाव्या हाताशी पक्का झाला. दिवा भलतीकडून दिसू नये म्हणून आम्ही तेलाचा रिकामा डबा कापून त्याचे आडोसे केले. पांढरा दिवा होडीच्या मागच्या टोकाला, फरशी पुसायच्या काठीवर चढवला. तो लावला तेव्हा कळलं की वल्हवताना माझं तोंड मागच्या टोकाकडेच असतं आणि तो सरळ माझ्या डोळ्यांत येतो. मास्तर म्हणाले, काठी उंच करा. काठी उंच केली. मग तो डोळ्यांऐवजी कपाळावर यायला लागला.

शनिवारी हातगाडीवरून होडी कार्यालयाच्या आवारात नेली. साहेब बाहेर आले. होडीचं पुढचं टोक त्यांच्याकडे होतं. ते समोर उभे राहिले, आणि भर उन्हात आम्ही दिवे लावले. साहेबांनी हाताची सावली करून नीट पाहिलं.

"डावीकडे लाल," ते त्यांच्या डावीकडे बोट दाखवत म्हणाले. "उजवीकडे हिरवा. वर पांढरा. ठीक."

शिक्का बसला. दोन सरकारी माणसांनी दोन वेगवेगळ्या जागांवरून एकच गोष्ट बरोबर ठरवली होती. यापेक्षा जास्त खात्री मला आयुष्यात कशाचीच वाटलेली नाही.

कामावर निघताना बायकोने पिशवीत स्वेटर टाकला, छातीच्या खिशाला बाळांचे डोळे तपासायचा तो छोटा टॉर्च अडकवला आणि दारात थांबली.

"आज एकदा येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "ठीक वाटलं तर मेट्रनना सोमवारी नाही म्हणते. नाही वाटलं तर मी ती दिवसाची जागा घेणार. मग त्यावर बोलायचं नाही."

"ठीकच वाटेल," मी म्हणालो.

"मला पोहता येत नाही हे लक्षात आहे ना?"

"आहे. मलाही येत नाही." हे दुसरं वाक्य मी दार बंद झाल्यावर बोललो.

अंधार पडल्यावर मी धक्क्यावरून निघालो. मेव्हण्याने मोटारीच्या टायरची एक हवा भरलेली ट्यूब होडीत टाकली. "एकच?" मी विचारलं. "ताईसाठी," तो म्हणाला. नंतर त्याने दिवे लावले. डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा आणि कपाळावर पांढरा. अंधाऱ्या पाण्यावर ते दिवे फार सुंदर दिसत होते आणि दोन मिनिटं मला वाटलं की मी हे आधीच करायला हवं होतं.

मग किनारा दूर गेला. दिवसा नदी मला ओळखीची वाटायची. रात्री नुसता काळा पसारा आणि त्यात वल्ह्याचा आवाज. पांढऱ्या दिव्याच्या उजेडापलीकडे काहीच दिसत नव्हतं आणि पुढचं तर पाठीमागे होतं. मी मान वळवून वळवून बघत होतो. मानेत कळ आली. मध्येच एक मासेमाराची होडी कुठूनशी आली, अगदी जवळून गेली आणि आतला माणूस ओरडला, "ओ, सरळ चाला की." मी सरळच चाललो होतो. मी त्याला तसं सांगितलंही, पण तो गेला होता. थोड्या वेळाने दुसरी एक होडी माझ्या दिशेने आली, थांबली, परत फिरली, पुन्हा थांबली. तिच्यावरचे लोक माझ्याकडे बोट दाखवत काहीतरी बोलत होते. नदीवरच्या लोकांना नियमांची अजिबात माहिती नाही याचं मला वाईट वाटलं.

पलीकडच्या धक्क्यावर ती स्वेटर घालून उभी होती. आत उतरताना होडी डुलली तसा तिने माझा दंड धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. मग मागच्या फळीवर, माझ्याकडे तोंड करून बसली. ट्यूब मी तिच्याकडे सरकवली.

"तुमची कुठे आहे?"

"मला नको. मी वल्हवतोय."

या उत्तरात काही अर्थ नव्हता आणि ते तिलाही कळलं. ट्यूब तिने दोघांच्या मध्ये ठेवली.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. ती म्हणाली, आज पेटीतलं एक बाळ बाहेर काढलं, सतराशे ग्रॅमचं झालं. मी म्हणालो, चांगलं झालं. ती म्हणाली, आईने हात लावला तेव्हा रडायचं थांबलं. मी वल्हवत होतो आणि तिच्या आवाजावरून वाटत होतं की हिला ठीक वाटतंय. सोमवार माझ्या हाती आला असं मी मनात म्हणालो.

मग तिचं बोलणं तुटलं. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"अहो, एक मोठी लाँच येतेय."

"कुठून?"

"डावीकडून. म्हणजे माझ्या डावीकडून. खूप दिवे आहेत तिच्यावर."

मी मान वळवली. वाळू वाहून नेणारी लाँच होती. बोजड, पाण्यात खोल बसलेली, आणि इंजिनाची धडधड आता मलाही ऐकू येत होती. मी मनात नियम म्हटला. ती आपल्या डाव्या बाजूने येतेय. डाव्या बाजूला लाल आहे. तिला लाल दिसणार. लाल दिसला की तिने बाजूला व्हायचं आणि आपल्या मागून जायचं. आपण सरळ, एका वेगाने चालत राहायचं. नियमच आहे तसा.

"काळजी करू नकोस," मी म्हणालो. "तिला आपला लाल दिवा दिसतोय. ती मागून जाईल."

"ती मागून नाही चाललेली. ती आपल्या पुढे वळतेय."

"नाही वळणार."

"अहो, वळली. आपण जिकडे चाललोय तिकडेच वळली."

धडधड वाढली. मी जोर लावला. आता पुढे सटकून जाता येईल असं मला वाटलं. पण मी जितका पुढे जात होतो तितकी लाँच पुढे वळत होती. जणू ती मला टाळायचा जीव तोडून प्रयत्न करत होती आणि प्रत्येक वेळी मीच तिच्या वाटेत जाऊन उभा राहत होतो. हाताचे फोड फुटले होते आणि वल्ही ओली लागत होती.

"तिला लाल दिसतोय," मी पुन्हा म्हणालो. "डावीकडे लाल आहे. तिने थांबायलाच पाहिजे."

बायकोने खाली पाहिलं. होडीच्या एका कडेकडे, मग दुसऱ्या कडेकडे. मग माझ्याकडे.

"माझ्या डावीकडे हिरवा आहे," ती म्हणाली.

मला आधी ते नुसतं ऐकू आलं. मग कळलं. ती पुढे तोंड करून बसली होती. होडीचंही तोंड तिकडेच होतं. मागे तोंड करून बसलेला अख्ख्या होडीत मी एकटाच. लाँचवाल्याला आमचा हिरवा दिसत होता. त्याच्या हिशेबाने आम्ही निघालो होतो तिथेच परत चाललो होतो, आणि आम्ही बाजूला होत नाही असं पाहून तो बिचारा आमच्या मागून जायला बघत होता, म्हणजे सरळ आमच्या अंगावर येत होता. त्याची काही चूक नव्हती. पाठ केलेल्या सगळ्या नियमांमध्ये अशा वेळी काय करावं हे कुठेही नव्हतं, आणि माझे हात वल्ह्यांवर तसेच थांबले.

"मागे," बायको म्हणाली. ती ओरडली नाही. वॉर्डात ती असंच बोलत असावी. "उलटं वल्हवा. मागे घ्या होडी."

मी वल्ही ढकलायला लागलो. तिने एका हाताने स्वेटर वर ओढून डोक्यातून काढला आणि छातीला अडकवलेला तो छोटा टॉर्च काढून आपल्याच पांढऱ्या युनिफॉर्मवर धरला. अंधारात ती एकदम उजळून निघाली. मग टॉर्च लाँचकडे, मग पुन्हा स्वतःवर. लाँचकडे, स्वतःवर. लाल, हिरवा, पांढरा यांतलं काहीच जिथे खरं उरलं नव्हतं, तिथे होडीत बसलेली एक बाई मात्र स्पष्ट दिसत होती.

भोंगा वाजला. इतक्या जवळून भोंगा ऐकायची वेळ कोणावर येऊ नये. इंजिनाचा आवाज बदलला, घरघरला आणि थांबला. लाँचचं टोक आमच्या पुढून, मी हात लांब केला असता तर बोटं लागली असती इतक्या अंतरावरून, हळूहळू सरकत गेलं. गंजलेला पत्रा, टायर, दोरखंड, आणि वर कठड्याला धरून वाकलेला एक माणूस.

"अहो साहेब," तो वरून म्हणाला, "येताय का जाताय ते एकदा ठरवा."

लाँचच्या लाटेने होडी वर उचलली आणि खाली आपटली. फरशी पुसायची काठी दिव्यासकट माझ्या डोक्यात बसली. पांढरा दिवा विझला. पायांत पाणी आलं. बायकोने ट्यूब एका हाताने पकडली आणि दुसऱ्या हाताने माझी कॉलर. थोडा वेळ आम्ही तसेच डुलत राहिलो.

मग लाट शांत झाली. तिने टॉर्च पुढे धरला आणि म्हणाली, "चला. थोडं उजवीकडे. माझ्या उजवीकडे." मी वल्हवलं. "आता सरळ. अजून सरळ. एक खांब आहे, डावीकडून घ्या." तिला दिसत होतं ते ती सांगत गेली आणि मी पाठमोरा जात राहिलो. इतकं नीट मी पहाटेच्या चार दिवसांत एकदाही वल्हवलं नव्हतं. पण मनात एकच चाललं होतं. सोमवार. ती केसपेपर फाडणार. आणि ते माझ्यामुळे. घरात माझी कायम खोटी बढाई चालते, पण तिला वॉर्डातून मीच बाहेर काढलं, हे खरं होतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि वल्हवताना ते पुसताही येत नाही.

होडी धक्क्याला टेकली. मेव्हणा वर उभा होता. त्याने दोर बांधला, दोघांकडे पाहिलं आणि बाजूला गेला.

बायको उठली. मला उठता येईना. वल्ह्यांवरची माझी बोटं आखडून बसली होती. मी ती उघडायचा प्रयत्न करत होतो, ती उघडत नव्हती.

"तू ती दिवसाची जागा घे," मी म्हणालो. "मी काही बोलणार नाही."

ती माझ्यासमोर पुन्हा खाली बसली. टॉर्च दातांत धरला आणि माझी मूठ हातात घेतली. आधी अंगठा सोडवला. घाईने नाही, एक एक सांधा मोकळा करत. मग टॉर्च तोंडातून काढून मांडीवर ठेवला.

"बाळं पण अशीच धरतात," ती म्हणाली. "ओढायचं नसतं. जरा थांबलं की आपोआप सोडतात."

मी मोकळ्या झालेल्या अंगठ्याकडे बघत राहिलो.

"ती जागा मी घेणार नाहीये. सोमवारी मेट्रनना नाही म्हणून सांगते."

"एवढं होऊनही?"

"मी घाबरले. खूप घाबरले. पण बाकावर पडल्या पडल्या मला रोज वाटतं की आज घरी जायला हवं होतं. आज मी घरी आले." तिने माझ्या तळहाताच्या फुटलेल्या फोडांकडे पाहिलं. "दिवे बदला. आणि मी पुढच्या फळीवर बसणार, पुढे बघत. उद्या वेळेवर या."

मी मान डोलावली. तिने माझं पुढचं बोट सोडवायला घेतलं.